आंदणातलं कपाट

पातूर असो की अकोला, लेकीच्या आंदणात लोखंडी कपाट हवंच. दारावर आरसा, आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या, आत दागिन्यांचा चोरकप्पा. या कपाटामागं एका पारशी कुटुंबाची गोष्ट आहे. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं करायला घेतली. त्याआधी शस्त्रक्रियेच्या अवजारांचा धंदा बसला होता, बरं का! कुलपांमागून तिजोऱ्या आल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट. तिजोरीवाल्याचंच कपाट, मग भरवसा आयताच मिळाला. पुढं धाकटे भाऊ पिरोजशा यांनी विक्रोळीत कारखाना वसवला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तिथंच घडल्या. २०२४ मध्ये कुटुंबात वाटणी झाली. फर्निचरचा धंदा जमशेद गोदरेज यांच्या बाजूला राहिला.