दोन हिशेब



नगरजीवनाच्या वास्तववादी कादंबरीतील ख्रिस्ती मानवतावाद हा माझ्या नित्य चिंतनाचा विषय मी आपल्यापुढे मांडतो. आणि विवेचन मोघम होऊ नये म्हणून दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या १८६६ सालच्या एकाच कादंबरीचा आधार घेतो.

या कादंबरीतले पीटर्सबर्ग हे सेन्नाया बाजाराभोवतीच्या गुत्त्यांचे, पोटभाडेकरूंनी गजबजलेल्या इमारतींचे आणि जिन्नस तारण ठेवून घेणाऱ्या सावकारणीचे शहर आहे. तेथे सर्व काही मोजलेले आहे: कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह याच्या माळ्यावरील खोलीपासून त्या सावकारणीच्या घरापर्यंत ७३० पावले, आणि बापाच्या व्यसनापायी उपाशी पडलेल्या भावंडांसाठी देह विकून सोनिया या तरुणीने पहिल्या दिवशी घरी आणलेले ३० रूबल. परंतु याच शहरात दुसराही एक हिशेब चालतो. एका निरुपयोगी म्हातारीचा जीव घेऊन तिच्या धनाने शेकडो जीव तारले, तर जमेची बाजू मोठीच नाही काय, असा युक्तिवाद गुत्त्यात बसलेला एक विद्यार्थी करतो, आणि रास्कोल्निकोव्ह हाती कुऱ्हाड घेऊन तो सिद्ध करू पाहतो.

या दोन हिशेबांतील विरोध हाच, माझ्या मते, या कादंबरीचा प्राण होय. पहिल्यात आकड्यामागे माणूस उभा आहे. दुसऱ्यात माणसाचाच आकडा झाला आहे. आणि दुसऱ्या हिशेबातील खोट उघडी पडते ती लिझावेता अवचित दारात येऊन उभी राहते त्या क्षणी. सावकारणीची ही निरुपद्रवी बहीण कोणत्याच गणितात धरलेली नव्हती, आणि तिचाही बळी पडतो. पुढे सोनिया बायबलच्या ज्या नव्या करारातून रास्कोल्निकोव्हला लाजराच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवते, तो याच लिझावेताने तिला आणून दिलेला असतो. ज्या जिवाची खुन्याने गणनाच केली नव्हती, त्याच्याच हातून त्याच्या उद्धाराची वाट उघडते!

ईश्वराने मानवदेह धारण केला, ही ख्रिस्ती श्रद्धा येथे लेखनाची पद्धती होऊन अवतरते. कारण ज्याला मानवी देह ईश्वराच्या स्पर्शाने पवित्र झाला असे मनापासून वाटते, त्याला त्या देहाची भूक, त्याची फाटकी वस्त्रे, त्याच्या खोलीचे थकलेले भाडे, यांपैकी काहीच क्षुल्लक ठरत नाही. दस्तयेव्हस्कीला ही दृष्टी सहजासहजी लाभली नव्हती. १८४९ साली देहदंडासाठी वधस्थानी नेल्यावर ऐनवेळी शिक्षा बदलून त्याला सैबेरियात धाडण्यात आले, आणि वाटेत तोबोल्स्क येथे मिळालेला नवा करार ओम्स्कच्या तुरुंगातील चार वर्षे त्याच्या सोबतीला होता. म्हणूनच नायकाचे परिवर्तन तो घाईने उरकत नाही. अखेरीस रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली सोनियाचा तो नवा करार आहे, पण त्याने तो अद्याप उघडलेला नाही.

आपल्या भाषेत बाबा पदमनजींनी १८५७ सालीच ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची दुःखे ख्रिस्ती करुणेने नोंदवली, तेव्हा हा वारसा आपल्याला परका नाही. आपल्या शहरांतील चाळींविषयी आणि झोपड्यांविषयी लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकांना माझे एवढेच सांगणे आहे की, दयेचा शब्द उच्चारण्यापूर्वी त्या माणसाचे वेतन, त्याचे कर्ज आणि त्याच्या चुलीची अवस्था यांची नीट चौकशी करा. करुणेने तपशिलाचा कंटाळा केला की उरते ती भावविवशता; तपशिलाला करुणा सोडून गेली की उरते ते केवळ दप्तर. ही दोन्ही एकत्र नांदवणारे लेखन आपल्या हातून घडो, अशी माझी कळकळीची प्रार्थना आहे.