भारी माणूस आणि सायकलचे चाक
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मोदकांच्या दिवसांत वजनाचा विषय काढतो आहे, क्षमस्व! माझे स्वतःचे ९६ किलो आहे, तेव्हा अधिकाराने बोलतो.

आपल्यापैकी अनेकांना डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितले आहे. माणूस हौसेने गिअरची सायकल घेतो आणि थोड्याच दिवसांत मागच्या चाकाची तार तुटते. दुकानदार हसून म्हणतो, "साहब, वजन ज्यादा है." या एका वाक्यापायी माझ्या दोन सहकाऱ्यांनी सायकल कायमची अडगळीत टाकली. एकाची तर साखर वाढलेली होती. दोष त्यांच्या वजनाचा नव्हता, चाकाचा होता.

आपल्या वडिलांची काळी सायकल आठवा. २८ इंची चाके, पुढे ३२ तारा, मागे ४०. मागे भार जास्त, म्हणून तारा जास्त. दूधवाल्याचे भरलेले कॅन त्याच चाकावर जात. हल्लीच्या काही देखण्या सायकलींना मागेही २४-२८च तारा असतात.

तार तुटते कशी? चाक फिरताना प्रत्येक तार खाली आली की किंचित सैल पडते, वर गेली की पुन्हा ताणते. किलोमीटरला सुमारे पावणेपाचशे वेळा! मुळात ढिली असली तर ती खाली येताच पार सुटते, आणि हबजवळच्या बाकापाशी धातू थकून तुटतो. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांना मेटल फटीग मी काय सांगणार? म्हणून नुसती जाड तार हा उपाय नव्हे. टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ असलेली तार उलट जास्त टिकते, कारण ती जास्त ताणते आणि लवकर सैल पडत नाही.

तेव्हा मागे ३६ तारांचे चाक मागा. रिम दुहेरी भिंतीची, निपल पितळी, टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. गिअर जास्त असतील तर आट्यांच्या फ्रीव्हीलऐवजी कॅसेटचा हब घ्या. फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचे बेअरिंग आत राहते आणि भारी माणसाखाली अॅक्सल वाकतो.

नव्या चाकाचा आउट शे-दोनशे किलोमीटरनंतर जाणत्या मिस्त्रीकडून काढून घ्या. हे पैसे वाचवू नका. एका बाजूच्या तारा बोटाने छेडून पाहा, सूर साधारण सारखा यायला हवा. मागे उजवी बाजू डावीपेक्षा चढी लागेल. गिअरमुळे तिकडचा ताण जास्त असतो, घाबरू नका.

माझी सायकल बाहेर उभी आहे. प्रसादानंतर ज्यांना तारा छेडून पाहायच्या असतील, त्यांनी जरूर यावे.