अंगणवाडीपुढे ट्रॅक्टर जपून



२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे गावोगाव अंगणवाड्या आल्या. नांदेड-लातूरकडे सोयाबीनची रास आणि ऊसतोड लागली, की गावातल्या रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा वाढते. अंगणवाडी त्याच रस्त्याला असेल तर धोका मोठा. तीन-चार वर्षांचं लेकरू ट्रॉलीमागं पार झाकून जातं, चालकाला दिसतच नाही. हॉर्न दिला तरी कुठं पळावं, हे त्याला कळत नाही.

म्हणून एवढं पाळा :

१) अंगणवाडीपुढे ट्रॅक्टर मागे घेऊ नका. घ्यावाच लागला, तर आधी उतरून बघा आणि एक माणूस बाजूला उभा करा.

२) उभ्या ट्रॅक्टरची चावी काढा, ब्रेक लावा, चाकाला दगड द्या.

३) लेकराला मडगार्डवर बसवून आणू नका. वाहन लांब लावा, हात धरून न्या आणि सेविकाताईंच्या ताब्यात द्या.

४) अंगणाला कुंपण व फाटक नसेल, तर ग्रामसभेत विषय मांडा.

रास पुढच्या सालीही होईल. गेलेलं लेकरू परत येत नाही.