रद्दी कागदाची टोपली

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



'घरच्या घरी कागदकाम' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी सरळ नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बसून गप्पा मारणे निराळे आणि असे पुढे उभे राहून बोलणे निराळे. पण त्या म्हणाल्या, "भाषण करू नका. हातातली वस्तू दाखवा आणि ती कशी केली तेवढे सांगा." तेवढे जमेल असे वाटले म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पोटात घाला.

ही टोपली बघा. पहिल्या रांगेपासून हातोहाती फिरवा, म्हणजे वजन कळेल. दिसायला जाड आहे, पण हलकी आहे. ही वेताची नाही, बांबूची नाही, वर्तमानपत्राच्या रद्दीची आहे. आपल्यातल्या वयस्कर बायकांना हिचे नवल वाटणार नाही. त्यांच्या माहेरी अशा टोपल्या माळ्यावर असतील. मला मात्र लग्न होईपर्यंत माहीत नव्हती. ती मला सासूबाईंनी शिकवली. शिकवली म्हणजे पाटी घेऊन नव्हे. त्या करत आणि मी शेजारी बसून मेथ्या वाटत असे.

आता कृती सांगते. घाई करणारीने हे काम हाती घेऊ नये, कारण पहिल्या दिवसापासून टोपली हाती येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात.

किलोभर रद्दी घ्यावी. गुळगुळीत, चकचकीत पानांची मासिके घेऊ नयेत, ती नीट भिजत नाहीत. कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाडलेल्या कडेला तंतू सुटे होतात आणि पुढे ते एकमेकांत गुंततात. कापलेल्या कडेला तसे होत नाही. बोटभर रुंदीचे तुकडे करून बादलीत दोन-तीन दिवस भिजत घालावेत आणि पाणी रोज बदलावे. पहिल्या दिवशी पाणी काळे येते, ती शाई. तिसऱ्या दिवशी कागद बोटांत चुरला की विरघळल्यासारखा वाटतो. मग तो पिळून काढून कुटायचा. सासूबाई खलबत्त्यात कुटत. मी मिक्सरमध्ये करते. पण मिक्सरमध्ये एका वेळी मूठभरच घाला आणि पाणी भरपूर घाला. पहिल्या वेळी मी हावरेपणाने भांडे गच्च भरले आणि मोटर जळली. टोपली फुकट झाली, पण मिक्सरच्या दुरुस्तीला पैसे मोजले, असा माझा तो हिशेब.

पाव किलो मेथ्या रात्री भिजत घालाव्यात आणि सकाळी बारीक वाटाव्यात. मेथ्यांचा बुळबुळीतपणा हाच इथे डिंक. शिवाय त्यांच्या कडूपणाने कागदाला कसर लागत नाही, असे सासूबाई म्हणतात. हे वाटण पिळलेल्या लगद्यात घालून कणकेसारखे मळावे. नीट मळला की लगदा हाताला चिकटतो, पण ओघळत नाही.

मग घरातले घमेले किंवा पातेले पालथे घालून त्यावर ओले फडके ताणून घालावे. फडके विसरू नका. लगदा वाळताना आकसतो. फडके नसेल तर तो भांड्याला घट्ट धरून बसतो आणि टोपली उभी चिरते. फडक्यावर खालून वर, म्हणजे काठाकडून बुडाकडे, अर्ध्या बोटाच्या जाडीने लगदा थापत जावे. बुडाशी थोडा जास्त घ्यावा. ओल्या हाताने वरून गुळगुळीत करावे. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. अर्धवट वाळली, की बाहेरून कोरडी लागते पण दाबली तर किंचित दबते, तेव्हा भांड्यावरून सोडवावी आणि आतून वाळू द्यावी. पूर्ण वाळेपर्यंत भांड्यावर ठेवली तर फडके असूनही काठ चिरतो. हे मी दोनदा अनुभवले आहे.

पावसाळ्यात हा उद्योग करू नये. चार दिवस ऊन पडले नाही की बुरशी येते आणि मेथ्यांचा असा वास सुटतो की घरातली माणसे आपल्यालाच बाहेर काढतील. थंडी सरताना करावी. ऊन कडक असते आणि वाळवणे अजून सुरू झालेली नसतात, त्यामुळे गच्ची मोकळी मिळते.

वाळल्यावर आतून-बाहेरून कोरा कागद किंवा जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा खळीने चिकटवावा. खळ म्हणजे एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचा, पाच-सहा वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि चकाकी येईपर्यंत ढवळायचा. पुस्तके बांधणारे लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विष आहे. लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नये. सावंतवाडीला नणंदेकडे गेले होते, तेव्हा तिथल्या राजवाड्यात गंजिफांचे काम पाहिले. दशावतारी गंजिफेची १२० गोल पाने असतात. त्या पानांना जुन्या रीतीने चिंचोक्याची खळ देतात. घरी येऊन मीही चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून पाहिले. चिकटते झकास, पण त्या सोलण्यात माझी दुपार गेली. मैदा बरा.

इथपर्यंत कृती झाली. आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मी घरात कधी मोठ्याने बोललेले नाही, पण सासूबाईंना विचारून, त्यांच्या परवानगीने इथे सांगते आहे.

माझी धाकटी तिसरीत होती त्या वर्षी मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात मी नाव दिले होते. पाच टोपल्या कबूल करून बसले आणि घरातली रद्दी पुरेना. शेजारून आणली, तरी कमी. मग माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी काढली. तिच्यात मुलांच्या वह्या, यांची जुनी बिले आणि सुतळीने बांधलेला निळ्या कागदांचा गठ्ठा होता. मी गठ्ठा सोडलासुद्धा नाही. वरची सुतळी तोडली आणि वह्यांबरोबर तो फाडून बादलीत टाकला. रात्र झाली होती, डोळ्यांवर झोप होती. ही कारणे आता सांगून काय उपयोग!

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंगणात आल्या. बादलीतले पाणी दर वेळी काळे असते, ते त्या दिवशी निळे होते. त्यांनी हात घालून एक तुकडा वर काढला. ती अंतर्देशीय पत्रे होती, त्यांच्या थोरल्या भावाची. मामा मुंबईला गिरणीत होते. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, तेव्हा खोली सोडून गावी यायचे की थांबायचे, हेच त्या पत्रांत असायचे म्हणे. ते गावी आले नाहीत. दोन वर्षांनी मुंबईतच वारले. पत्रे सगळी मिळून वीस-बावीस असतील. सासूबाईंना फारसे वाचता येत नाही. पत्र आले की त्या शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेत आणि मग जपून ठेवत. पेटीत ठेवली होती, कारण त्यांच्या दृष्टीने ती जागा सुरक्षित होती.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. मी तुकडे निवडून काढायला बसले. ताटात पसरून वाळवले. पण शाई पार उतरली होती. एका तुकड्यावर 'ताईस', एकावर नुसते 'पगार', एवढेच लागले. यांनी संध्याकाळी आल्यावर मला रागावून घेतले. त्यांचे बरोबरच होते. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. प्रदर्शनाला येणार नाही म्हणून मी चिटणीसबाईंना निरोप पाठवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला खलबत्त्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात सासूबाई मेथ्या कुटत होत्या. मला म्हणाल्या, "तो लगदा नासेल. फेकायचा नाही. थाप." मी म्हटले, "आई, माझ्याने होणार नाही." तर म्हणाल्या, "मग मी थापते, तू फडके धर."

ती ही टोपली, जी आता तुमच्या हातातून फिरते आहे. नीट पाहिलेत तर बुडाशी अजून निळसर झाक दिसेल. त्या जागी आम्ही आतून कागद चिकटवला नाही. सासूबाईंनी चिकटवू दिला नाही. त्यांच्या वाती आणि कापूस तिच्यात असतो.

म्हणून माझ्या कृतीत एक पायरी पुस्तकात सापडणार नाही अशी आहे. भिजत घालण्याआधी प्रत्येक कागद उजेडात, दोन्ही बाजूंनी बघायचा आणि गठ्ठा असेल तर तो सोडायचा. ज्याचा कागद आहे त्याला विचारायचे, मग ते घरातले लहान मूल का असेना. आमच्या धाकटीने एकदा फाटक्या वहीचे एक पान परत मागून घेतले. त्यावर तिने मैत्रिणीचे चित्र काढले होते. मला ते चित्र भोपळ्यासारखे दिसले, पण ते मी बोलले नाही.

बाकीच्या वस्तू आता थोडक्यात सांगते, कारण चिटणीसबाई घड्याळाकडे बघत आहेत.

चांदणीच्या आकाशकंदिलाला सारख्या लांबीच्या दहा कामट्या आणि पाच आखूड काड्या लागतात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधाव्यात. दोन्हींची पाचही टोके एकमेकींना बांधावीत आणि आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात, त्या पाच जागी आखूड काड्या अडकवाव्यात, म्हणजे पोट फुगते. पतंगी कागद पातळ खळीने लावावा. लावल्यावर पाण्याचा अगदी हलका शिबका मारला तर वाळताना कागद ताणून बसतो. मात्र आधी तुकड्यावर करून पाहा, काही कागदांचा रंग सुटतो. आत एलईडीचा छोटा दिवा लावावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागदाला टेकला की संपले.

वर्तमानपत्राच्या पिशव्यांबद्दल मला पुष्कळजणी विचारतात. आपल्या राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा मीही उत्साहाने औषधाच्या दुकानासाठी पिशव्या करायला घेतल्या. खरे सांगते, खळ, गॅस, आणि पाठीची कळ वजा जाता हाती फारसे उरले नाही. घरच्या वापराला, भेटवस्तूला कराव्यात. संसाराला हातभार लागेल असे कोणी सांगितले तर आधी एका तासात किती होतात ते मोजा. आणि एक, अशा पिशवीत भजी, पोहे, चिवडा घालू नका. छापील कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत, असे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच कळवले आहे. शाई पोटात जाते. म्हणून या टोपलीतही मी उघडे खाणे ठेवत नाही. जुन्या बायका धान्य ठेवत, पण त्यांच्या सगळ्याच गोष्टी उचलायच्या असे नाही. सासूबाई इथे नाहीत म्हणून एवढे बोलते.

पुण्याला शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात, त्यासाठी झाड लागत नाही. आपल्या मंडळाची पुढची सहल तिकडे न्यावी, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. देवदर्शनाच्या सहली झाल्या, होतीलही.

ज्यांना टोपली करून पाहायची असेल त्यांनी येत्या रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या अंगणात यावे. मेथ्या मी भिजवून ठेवीन. घमेले आणि जुने फडके आपापले आणावे. रद्दी घरूनच निवडून आणावी. भिजवलेला लगदा माझ्याकडे तयार असेल, तुमची रद्दी त्याच बादलीत पुढच्या खेपेसाठी घालू.

आणि ती टोपली आता शेवटच्या रांगेत गेलेली दिसते. तिथून ती कृपा करून माझ्याकडे परत पाठवा. निघताना सासूबाईंनी तिच्यातल्या वाती काढून ताटलीत ठेवल्या आहेत, आणि दिवेलागणीच्या आत आण म्हणून बजावले आहे.