शुश्रूषा



'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. कर्करोगावरील उपचारांचा दर्जा ठरवताना हा अर्थ विसरून चालणार नाही.

मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. देशभरातील रुग्ण तेथे धाव घेऊ लागले. सर्वत्र सारख्याच दर्जाचे उपचार मिळावेत म्हणून २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाले. पण रोग बरा होण्यापलीकडे गेला तर? वेदनाशमन हाही उपचारच, हे उत्तर वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाने १९८६ पासून दिले. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळशी सुकर केली.

आपल्या घरांत मात्र रुग्णापासून रोगाचे नाव लपवले जाते. त्यामागे मायाच असते; परंतु त्या मौनात रुग्ण एकाकी होतो, आणि सत्य सांगावे की नातेवाइकांचे मानावे या पेचात डॉक्टरही. वारंवार अशुभ वार्ता सांगणाऱ्या त्या माणसाचे कोण ऐकणार? थकलेल्या मनाला दुसऱ्याचे दुःख ऐकू येत नाही. म्हणून डॉक्टर व परिचारिकांना विसावा आणि मन मोकळे करण्याची जागा देणे, हा रुग्णसेवेचाच भाग होय.

विद्यार्थिमित्रहो, बरखेड्याच्या या वसाहतीत अवजड विद्युत यंत्रे घडवणारी माणसे राहतात. यंत्राचा दर्जा मापांनी ठरतो, हे तुम्ही जाणता. शुश्रूषेचे माप एकच : आपले म्हणणे कोणी पुरते ऐकले, असे रुग्णाला वाटले का?