ध्वनिफितीची कुळकथा : अप्रकाशित मैफली आणि रीमिक्स

लोकप्रिय संगीताचा इतिहास आजवर मुख्यतः प्रकाशित ध्वनिमुद्रिकांवरून लिहिला गेला आहे, आणि तसे होणे स्वाभाविकही होते. कंपनीने बाजारात आणलेल्या तबकडीवर क्रमांक असतो, गायक-वादकांची नावे असतात आणि प्रकाशनाचे वर्ष थोड्या खटपटीने का होईना, पण सापडते. परंतु ज्या संगीतात एकच गाणे शेकडो रात्री शेकडो तऱ्हांनी गायिले जाते, किंवा स्टुडिओत पक्के झालेले गाणे नृत्यगृहातला डीजे पुन्हा सुटे करून वेगळे जुळवतो, त्या संगीतात प्रकाशित रूप हे अनेकांतील एक एवढेच उरते. बाकीची रूपे दोन प्रकारच्या साधनांत टिकली आहेत : प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळी, पुष्कळदा परवानगीवाचून किंवा खासगी उपयोगासाठी झालेली मुद्रणे, आणि अप्रकाशित रीमिक्स, म्हणजे मूळ मुद्रणातील गायन, ताल, खर्ज अशा स्वतंत्र पट्ट्यांचे प्रमाण बदलून, काही भाग गाळून, काही लांबवून तयार झालेली, परंतु विक्रीस न आलेली रूपे. संग्राहक, ध्वनी-अभियंते आणि संगीताचे अभ्यासक यांच्या या संमेलनापुढे अध्यक्षपदावरून मांडावयाचे प्रतिपादन असे, की दुर्मीळपणा हा अशा मुद्रणाचा गुण मानण्याची सवय आता सोडली पाहिजे. दुर्मीळपणा ही एक अवस्था आहे. ती कोणाच्या तरी निर्णयामुळे, हेळसांडीमुळे किंवा हव्यासामुळे आलेली असते, आणि ती संपवणे, तेही मुद्रणाची संपूर्ण कुळकथा सांगून संपवणे, हे ज्याच्या हाती ते मुद्रण आहे त्याचे काम आहे.

या परंपरेचा आरंभ फार मागे जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मॅपलसन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांत एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर, चालू प्रयोगांतील तुकडे मुद्रित केले, आणि झाँ द रेश्के यांच्यासारख्या त्या काळच्या थोर गायकाचा आवाज आज ऐकू येतो तो त्या खरखरीत तुकड्यांतूनच. तथापि मुद्रण करणाऱ्याची आवडनिवड इतिहासावर कसा ठसा उमटवते हे पाहावयाचे असेल, तर जॅझमधील डीन बेनेडेटी यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वतः सॅक्सोफोनवादक असलेल्या बेनेडेटी यांनी १९४७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर यांचे वादन मुद्रित केले. पार्कर वाजवू लागले की यंत्र सुरू करावयाचे आणि त्यांचे एकल वादन संपले की बंद करावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे त्या संग्रहात असंख्य तुकडे असे आहेत, की मागच्या वादकाचा शेवटचा स्वर अर्धवट कानी पडतो, पार्कर उसळून पुढे येतात आणि पुढचा वादक सूर लावतो न लावतो तोच आवाज तुटतो. ही मुद्रणे १९९० मध्ये मोझेइक या कंपनीने संचरूपाने प्रकाशित केली, तोवर जॅझच्या वर्तुळात ती दंतकथेचाच विषय होती. त्यांतून पार्कर यांची रोजची कल्पकता जेवढी उलगडते तेवढी प्रकाशित तबकड्यांतून उलगडत नाही, हे खरेच. पण ज्या सहवादकांशी ती कल्पकता बोलत होती त्यांचे बोलणे कायमचे पुसले गेले, ही हानीही तितकीच खरी आहे. बेनेडेटी यांच्या भक्तीविषयी कृतज्ञता बाळगूनही असे म्हणणे भाग आहे, की यंत्र बंद करण्याचा अधिकार मुद्रकाने शक्य तितका कमी वापरावा.

रॉक संगीतात या व्यवहाराला बाजाराचे रूप आले ते १९६९ मध्ये. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलन यांच्या अप्रकाशित गाण्यांचा ‘ग्रेट व्हाइट वंडर’ हा संच कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकला जाऊ लागला. त्यात १९६१ मधील मिनिआपोलिस येथील मुद्रणे होती, तशीच १९६७ मध्ये वुडस्टॉकच्या परिसरात मित्रवादकांबरोबर तळघरात झालेली काही मुद्रणेही होती. हक्कधारकाच्या संमतीवाचून अप्रकाशित मुद्रण प्रकाशात आणणाऱ्या अशा तबकडीला बूटलेग म्हणतात, आणि प्रकाशित तबकडीची चोरटी नक्कल ही त्याहून निराळी गोष्ट आहे, हा भेद येथे लक्षात ठेवला पाहिजे. तळघरातल्या गाण्यांचा अधिकृत संच १९७५ मध्ये आला आणि जवळजवळ संपूर्ण संग्रह २०१४ मध्ये. म्हणजे कंपनीला जे बाहेर आणावयास सत्तेचाळीस वर्षे लागली, त्याचे महत्त्व श्रोत्यांनी दोन वर्षांत ओळखले होते. मात्र श्रोत्यांच्या या परंपरेचे दोषही डिलन यांच्याच उदाहरणात दिसतात. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये विद्युत-गिटारीसह झालेल्या आणि श्रोत्यांतून उघड निषेध झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत राहिले, आणि १९९८ मध्ये ते अधिकृतपणे निघाले तेव्हाही रूढ झालेले ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत शीर्षकात ठेवावे लागले. एका वेष्टनावरच्या चुकीच्या ओळीने एका शहराच्या श्रोत्यांची प्रतिक्रिया दुसऱ्या शहराच्या खाती जमा केली.

याच्या उलट टोकाला ग्रेटफुल डेड हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला वाद्यवृंद आहे. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या वृंदाने दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले, कोणताही कार्यक्रम दुसऱ्यासारखा होऊ दिला नाही, आणि विक्री न करण्याच्या अटीवर श्रोत्यांना मुद्रणाची मोकळीक दिली. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर सभागृहात मुद्रकांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली जाऊ लागली. या श्रोत्यांनी जी शिस्त निर्माण केली तिचे ऋण अभ्यासकांनी मान्य केले पाहिजे. प्रत्येक फितीबरोबर तारीख, स्थळ, गाण्यांचा क्रम, मायक्रोफोनचा प्रकार, यंत्राचे नाव आणि ही कितवी प्रत आहे याची नोंद देवघेवीत पुढे जात असे. मुद्रण थेट मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून घेतले आहे की श्रोत्यांत उभारलेल्या मायक्रोफोनने, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला. मिक्सरवरची फीत स्वच्छ असते, परंतु तिच्यात सभागृह नसते, आणि लहान दालनात ज्या वाद्याचा आवाज मुळातच मोठा असल्यामुळे मिक्सरमध्ये कमी घेतलेला असतो ते वाद्य फितीवर दबलेले ऐकू येते. श्रोत्यांतल्या फितीवर गोंगाट असतो, पण त्या रात्री प्रत्यक्षात काय ऐकू आले याची साक्ष तीच देते. या वृंदाच्या ध्वनी-अभियंत्या बेटी कँटर-जॅक्सन यांनी घेतलेल्या उत्तम फिती भाड्याच्या कोठीत पडून होत्या, भाडे थकल्यामुळे १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला आणि त्या परक्या हातांत विखुरल्या. तरीही ८ मे १९७७ रोजीच्या कॉर्नेल विद्यापीठातील त्यांच्या मुद्रणाच्या प्रती श्रोत्यांत आधीच पसरल्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्या मुद्रणाची निवड २०१२ मध्ये जाहीर झाली, आणि अधिकृत प्रकाशन मात्र २०१७ मध्ये झाले.

कितवी प्रत, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना प्रत्येक वेळी सरसर वाढते, वरचे स्वर बोथट होतात आणि दोन यंत्रांच्या गतीत बारीकसा फरक असला तरी सबंध गाण्याची पट्टी सरकते. अशा फितीवरून गायकाने कोणत्या पट्टीत गायिले याविषयी काढलेला निष्कर्ष सपशेल चुकू शकतो. दुरुस्तीचा एक सुंदर मार्ग फितीतच दडलेला असतो. मुद्रणात शिरलेली वीजप्रवाहाची मंद गुणगुण अमेरिकेत ६० हर्ट्झची आणि भारतात ५० हर्ट्झची असावयास हवी. ती मोजून फितीची मूळ गती ठरवता येते. पण नको असलेला आवाज म्हणून ही गुणगुण आधीच गाळून टाकलेली असेल, तर हा पुरावा गेलाच. म्हणून प्रथम काहीही न गाळता संपूर्ण प्रत करावी आणि सफाई नंतर दुसऱ्या प्रतीवर करावी, हा नियम कोणत्याही संग्रहालयात मोडला जाऊ नये.

रीमिक्सचा इतिहास जमैकातून सुरू होतो, आणि तो मुळातच अप्रकाशित रूपांचा इतिहास आहे. किंग्स्टनच्या वस्त्यांत प्रचंड ध्वनिक्षेपकांचे ताफे, म्हणजे साउंड सिस्टिम, उघड्यावर नृत्याचे कार्यक्रम करीत आणि प्रतिस्पर्ध्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणे ही त्यांची प्रतिष्ठा असे. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप देऊन एकेकटी तबकडी कापून घेतली जाई, तिला डबप्लेट म्हणतात. ती थोड्याच वादनांत झिजू लागते. साठीच्या दशकाच्या अखेरीस गायन वगळून नुसता वाद्यमेळ असलेली अशी तबकडी नृत्यात वाजली, श्रोत्यांनीच त्यावर गायिले, आणि पुढे प्रत्येक गाण्यामागे त्याचे गायनविरहित रूप देण्याची प्रथा पडली. रेडिओ-दुरुस्तीच्या कामातून पुढे आलेल्या किंग टबी, म्हणजे ऑस्बोर्न रडॉक, यांनी आपल्या घरातल्या छोट्या स्टुडिओत चार पट्ट्यांच्या मिक्सरवर हीच कल्पना शास्त्राच्या पातळीवर नेली : गायकाचा एखादाच शब्द सोडावयाचा, त्याला प्रतिध्वनीत विरू द्यावयाचे, ताल अचानक काढून घ्यावयाचा, खर्ज एकटाच चालू ठेवावयाचा. हे सारे चालू फितीवर हातांनी होत असल्यामुळे एकाच गाण्याची प्रत्येक डबप्लेट वेगळी निघे. मिक्सर हे वाद्य आहे आणि ते वाजवणारा हा वादक आहे, ही गोष्ट टबी यांच्या कामाने सिद्ध केली.

न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी सत्तरीच्या दशकात नृत्यासाठी गाणी लांबवली, आणि नेहमीच्या आकाराच्या कोऱ्या चकत्या संपल्यामुळे मोठ्या चकतीवर कापलेल्या गाण्याचा आवाज अधिक भरदार येतो असे आढळल्याने बारा इंची सिंगलचा मार्ग खुला झाला. १९७६ मध्ये सॅल्सोल कंपनीने वॉल्टर गिबन्स यांनी लांबवलेले ‘टेन पर्सेंट’ हे गाणे त्या आकारात विक्रीस आणले. परंतु न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज या नृत्यगृहात डीजे लॅरी लेव्हान यांनी किंवा शिकागोत डीजे रॉन हार्डी यांनी जे वाजवले त्यातले पुष्कळसे फितीचे तुकडे कापून जोडलेले, एका दालनापुरते, एका रात्रीपुरते होते. शिकागोतील डीजे फ्रँकी नकल्स यांचा तबकड्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत जतन झाला, ही त्या क्षेत्रातील फार मोलाची घटना आहे, कारण डीजेच्या तबकडीवरच्या खुणा आणि झीज हीदेखील साधनेच आहेत.

कंपन्यांच्या तिजोऱ्यांवर विसंबून राहता येईल असा समज असेल, तर २००८ च्या जूनमधील हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतील आगीने तो पुसून टाकावयास हवा होता. तीत मूळ ध्वनिफिती जळाल्या, आणि नुकसानीची व्याप्ती हा वादाचा विषय असला तरी लोकांपुढे ही गोष्ट खऱ्या अर्थाने आली ती अकरा वर्षांनी. कायदाही अप्रकाशित मुद्रणाकडे तिरक्या नजरेनेच पाहतो. युरोपात प्रकाशित न झालेल्या मुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांनी जाईल म्हणून २०१२ च्या अखेरीस डिलन यांची १९६२ मधील मुद्रणे केवळ शंभराच्या आसपास प्रतींत काढली गेली, म्हणजे प्रकाशनच दुर्मीळपणा टिकवण्याचे साधन झाले. भारताच्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाची साठ वर्षांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते, म्हणून जे प्रकाशितच झाले नाही त्याची मोजणी सुरूच होत नाही. उलट गायक-वादकाचा सादरीकरणावरचा हक्क सादरीकरणाच्या वर्षानंतर पन्नास वर्षे चालतो. या विसंगतीमुळे सत्तरीच्या दशकातल्या एखाद्या कार्यक्रमाची फीत सांभाळणारा प्रामाणिक संग्राहक ती कोणाला ऐकवण्यासही कचरतो. केवळ जतन आणि अभ्यास यांसाठी प्रत करण्याची स्पष्ट मुभा कायद्यात असावी, आणि विक्री झाल्यास कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, ही मागणी संमेलनाने निःसंकोच करावी.

ती मागणी महाराष्ट्राच्या दृष्टीने तातडीची आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट यंत्र घरोघरी आल्यावर भीमजयंतीच्या रात्रीचे गायन पार्ट्यांचे सामने, कोकणातल्या भजनांच्या डबलबाऱ्या, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब, तमाशाच्या फडावरील बतावणी हे सारे श्रोत्यांनीच मुद्रित केले. यातले बरेच कोणत्याही कंपनीने कधी काढले नाही. आणि सामन्यात समोरच्याला तिथल्या तिथे रचून दिलेले उत्तर ही ज्या कलेची खरी कसोटी, त्या कलेचा स्टुडिओतील पाठ कितीही नेटका असला तरी अपुराच असतो. त्या कॅसेटवरच्या चिठ्ठीवर बहुधा गायकाचे नाव असते, ढोलकी आणि हार्मोनियम वाजवणाऱ्यांची नसतात, गाव नसते, साल नसते. आणि हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी ओलांडलेली आहेत. म्हणून यंत्रावर उतरवण्याच्या कामाइतकेच, मुद्रण करणाऱ्यासमोर बसून त्याच्याकडून माहिती लिहून घेण्याचे काम निकडीचे आहे, आणि दोहोंपैकी एकच साधणार असेल तर आधी माणसाकडे जावे, कारण फीत आणखी काही वर्षे धीर धरू शकते.

विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी आणि हळदीसाठी गावोगावचे डीजे जी रूपे तयार करतात, त्यांकडेही याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. आगरी-कोळी गीताला, भीमगीताला किंवा जुन्या लोकगीताला नवा ठेका देऊन, मध्ये स्वतःचे नाव पुकारून ही रूपे पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतात. साउंड सिस्टिमचे नाव गाण्यात घालून घेतलेल्या जमैकी डबप्लेटशी त्यांचे नाते उघड आहे. त्यांच्या दणदणाटाविषयीची तक्रार रास्त असली, तरी तिच्यामुळे त्यांच्या दस्तऐवजीकरणाची जबाबदारी टळत नाही. अशा रूपाची फाइल मिळवताना तयार झालेल्या गाण्याबरोबरच जिच्यात सर्व पट्ट्या सुट्या असतात ती प्रोजेक्ट फाइल, वापरलेल्या मूळ गाण्याची ओळख, संगणक-प्रणालीचे नाव आणि करणाऱ्याचे खरे नाव त्याच्या संमतीने नोंदवून घ्यावे. संगणक बदलला की सर्वांत आधी पुसली जाते ती प्रोजेक्ट फाइलच.