छतावरची पवनचक्की: वारं फुकट, चक्की फुकट नाही

(सातारा-सांगली जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि ज्वारीचा भाव हे आजच्या बैठकीचे विषय आहेतच. पण मागच्या बैठकीनंतर आटपाडीकडच्या तिघा-चौघांनी मला बाजूला घेऊन वेगळाच प्रश्न विचारला. "भाऊ, घराच्या स्लॅबवर छोटी पवनचक्की बसवावी का? एक माणूस पत्रक देऊन गेलाय. म्हणतो, वारं फुकट आहे, वीजबिल शून्य होईल." असाच प्रश्न माण-खटावकडूनही आला. तेव्हा एकेकाच्या कानात सांगण्यापेक्षा सगळ्यांसमोर बोलतो.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. घरात विजेचं कनेक्शन असेल तर छतावर पवनचक्की बसवू नका. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी स्वतः बसवली होती. शेतीची पदवी घेतलेला माणूस, दुसऱ्यांना उत्पादन खर्चाचा हिशोब शिकवणारा, आणि स्वतःच्या घराचा हिशोब मात्र चक्की बसवल्यावर मांडायला बसला.

माळावर फिरते, मग घरावर का नाही?

पाटण तालुक्यात वांकुसवड्याच्या पठारावर, इकडे चाळकेवाडी-ठोसेघरला, शिराळ्याच्या गुढे-पाचगणीला, कवठेमहांकाळच्या ढालगावच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा आपण रोज बघतो. एजंट त्यांच्याकडेच बोट दाखवतो. म्हणतो, "तिथं चालते, मग तुमच्या घरावर का नाही?"

कारणं तीन आहेत. पहिलं उंचीचं. वांकुसवड्याचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, आणि त्यावर पुन्हा उंच मनोरा. जमिनीजवळचं वारं झाडाला, घराला, बांधाला अडतं. वर जावं तसं ते मोकळं होतं. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था वाऱ्याचे नकाशे काढते, ते ५० मीटर, ८० मीटर, १०० मीटर अशा उंचीचे. आपला स्लॅब जमिनीपासून चार मीटरवर.

दुसरं पात्याचं. चक्की किती वारं पकडणार हे पातं फिरून जेवढं वर्तुळ होतं त्याच्या क्षेत्रावर ठरतं. पठारावरच्या जुन्या चक्कीचा व्यास तीस मीटर धरा, छतावरचीचा दोन मीटर. व्यास पंधरा पट, पण क्षेत्र सव्वादोनशे पट. त्यात वाऱ्यातली सगळी शक्ती कुणालाच काढता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने फार पूर्वीच दाखवून दिलं, की चक्की कितीही चांगली असो, ५९ टक्क्यांच्या वर शक्ती हाती लागत नाही. छोट्या चक्कीला त्याच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ.

तिसरं कारण कुणी बोलत नाही. पठारावर पैसे गुंतवणाऱ्यांनी नुसत्या विजेचा हिशोब केला नव्हता. १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. म्हणजे कारखानदाराने चक्की घेतली की तेवढी रक्कम त्याच्या नफ्यातून वजा, आणि तेवढ्यावरचा कर त्या वर्षी वाचला. पुढे तो घसारा ८० टक्के झाला, २०१७ पासून ४० टक्के. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्याला घसाराही नाही. ज्या हिशोबात त्यांची चक्की बसली तो हिशोबच आपला नाही.

पत्रकावरचा आकडा

आता पत्रक बघा. वर लिहिलंय, १ किलोवॅट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सेकंदाला १२ मीटर वाऱ्याला. म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असं वारं सुटलं की छत्री धरवत नाही.

वाऱ्याचा नियम असा, की वेग निम्मा झाला तर शक्ती निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. १२ मीटरला १,००० वॅट देणारी चक्की ६ मीटरला सव्वाशे वॅट देते. ३ मीटरला पंधरा वॅट. नऊ वॅटचे दोन बल्ब पुरते लागत नाहीत. त्याहून वारं कमी झालं तर बहुतेक चक्क्या वीज देतच नाहीत, नुसत्या फिरतात किंवा उभ्या राहतात.

आणि आपलं वारं कसं आहे ते तुम्हाला यंत्राने सांगायला नको. रब्बी ज्वारीची मळणी यंत्रावर येण्याआधी खळ्यावर वारं देताना आपली माणसं पाटी डोक्यावर घेऊन वाऱ्याची वाट बघत ताटकळलेली आहेत. वारं जोरात येतं ते जून ते ऑगस्ट, ढग पळवून नेणारं. थंडीत, सुगीत ते पडलेलं. बियाण्याच्या पिशवीवर बोंडांनी लगडलेलं कपाशीचं झाड छापलेलं असतं. ते बागायतातलं, खतापाण्यावर वाढलेलं. आपल्या कोरडवाहू मुरमाड रानात तेवढी बोंडं धरू नयेत हे आपण ठेच लागून शिकलो. पत्रकावरचा १ किलोवॅट हा त्याच झाडाचा फोटो आहे.

माझ्या स्लॅबवरचा हिशोब

मी २०१३ साली चक्की घेतली. मनोऱ्याचा खांब, बॅटरी, इन्व्हर्टर धरून ९० हजार रुपये. क्विंटलला तीन हजार भाव धरला तर तीस क्विंटल ज्वारी. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल पिकवणाऱ्याला विचारा, तीस क्विंटल म्हणजे किती एकर आणि किती हंगाम.

वही ठेवली. बारा महिन्यांत मिळाली ११२ युनिट. त्यातली ७० जून, जुलै, ऑगस्टमधली. आज युनिटला सात रुपये धरले तरी वर्षाची वीज ७८४ रुपयांची. ९० हजार वसूल व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतील. बॅटरी पाच वर्षांत गेली. नवी पंधरा हजारांची, म्हणजे नुसती बॅटरीची झीज वर्षाला तीन हजार. जेवढ्याची वीज मिळते त्याच्या जवळजवळ चौपट पैसे ती साठवण्यातच जातात.

असं का झालं? घराच्या पश्चिमेला चिंचेचं झाड, त्याच्या पुढे शेजाऱ्याचं दुमजली घर. पावसाळी वारं तिकडूनच येतं. ओढ्यात धोंडा असला की त्याच्या मागे पाणी गरगरतं, तसं वारं घरामागे गरगरतं. चक्की सारखं तोंड फिरवत राहते, जोर धरत नाही. शिवाय खांबाची थरथर स्लॅबमध्ये उतरते. रात्री घरात घरघर, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खांबाच्या बुडाशी गळती. माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घराचं काय होईल याचा विचार करा.

माझा अनाडीपणा म्हणाल, तर इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे २००७-०८ मध्ये इमारतींवर बसवलेल्या २६ चक्क्यांची मोजणी झाली, वॉरिक चाचणी म्हणून ती ओळखली जाते. बंद पडल्याचा काळ धरून एका चक्कीची सरासरी निघाली दिवसाला २१४ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. सगळ्यात वाईट जागेवरची चक्की स्वतःच्या यंत्रणेला लागणारी वीजसुद्धा देऊ शकली नाही. उंच इमारतींवरच्या बऱ्या चालल्या, पण आवाजाच्या तक्रारींमुळे त्या बराच काळ बंद ठेवाव्या लागल्या. आपल्यापेक्षा जास्त वाऱ्याच्या देशातली ही गत.

माझे पैसे गेले याचं दुःख मी गिळलं. पण माझ्या स्लॅबवर चक्की फिरताना बघून गावातल्या दोघांनी तशीच घेतली. त्यातल्या एकाने दावणीची म्हैस विकली. त्यांना वाटलं, हा शिकलेला माणूस, हिशोब करूनच घेतली असणार. ते मला कधी काही बोलले नाहीत. म्हणूनच हे मी सभेत उभं राहून सांगतो.

मग वारं कुणाच्या कामाचं?

काहीजण विचारतात, घर जाऊ द्या, बोअरची मोटर तरी चालेल का? ५ एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते. माझ्या चक्कीच्या वर्षाच्या विजेवर ती तीस तास चालली असती. वर्षात तीस तास.

छोटी चक्की सगळीकडेच खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. वस्ती डोंगराच्या सोंडेवर, विजेची तार पोचलेली नाही, चहूबाजूंनी मोकळं आहे, आणि खांब जमिनीत रोवून आजूबाजूच्या शंभर मीटरमधल्या प्रत्येक झाड-घरापेक्षा पातं तीस फूट वर नेता येतं, अशा ठिकाणी सौर पॅनेलच्या जोडीला ती उपयोगी पडते. ढगाळ दिवसांत सौर कमी पडतं, नेमकं तेव्हा वारं असतं. पण ती जागा घराचं छत नव्हे.

घरासाठी पैसे घालायचेच असतील तर सौर बघा. १ किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. त्यात फिरणारं काही नाही, बॅटरीही लागत नाही, कारण जादा वीज तारेवर जाते. तरीही ज्याचं बिल महिन्याला चाळीस युनिटचं, त्याने सौरचीही घाई करू नये. त्याने जुने पिवळे बल्ब बदलावेत आणि पैसे बियाण्याला ठेवावेत.

एजंटला चार प्रश्न

पुढच्या वेळी पत्रक घेऊन कुणी आलं तर हाकलू नका. चहा द्या आणि चार गोष्टी विचारा. एक, ३ मीटर आणि ४ मीटर वाऱ्याला चक्की किती वॅट देते? दोन, राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या तमिळनाडूतल्या कायथार केंद्रावर या मॉडेलची चाचणी झाली आहे का? झाली असेल तर कागद दाखवा. तीन, आपल्या तालुक्यात बसवून दोन वर्षं झालेलं एक घर दाखवा, आम्ही तिथला मीटर वाचू. चार, वर्षाला इतकी युनिट मिळतील, न मिळाल्यास पैसे परत, असं सहीशिक्क्याने लिहून द्या. किलोवॅट लिहून घेऊ नका, युनिट लिहून घ्या. पिकाचा उतारा जसा पोत्यात मोजतो, तसा चक्कीचा युनिटमध्ये.

आणि आपल्याकडूनही एक काम करा. मंडळा-मंडळात महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. ती पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही नोंदवतात. कृषी सहायकाकडे आपल्या मंडळाची बारा महिन्यांची वाऱ्याची नोंद मागा. प्रत्येक तालुक्यातून एकाने ती आणली तर पुढच्या बैठकीत दोन्ही जिल्ह्यांचा तक्ता मांडू. ज्यांना पत्रकं मिळाली आहेत त्यांनी ती बरोबर आणावीत. आकडे आपण सगळे मिळून तपासू. तोवर कुणीही म्हैस विकू नये, एवढीच विनंती.